फर्ग्युसननंतरचं युनायटेड, वेंगरनंतरचं आर्सेनल: पडझड सारखी, दुखणं वेगळं

सोलापूर क्रिकेटवेडं गाव आहे हे खरं, पण शनिवारी रात्री इंग्लंडच्या प्रीमियर लीगची फुटबॉल मॅच संपल्यावर पार्क चौकातल्या किंवा सात रस्त्यावरच्या एखाद्या कट्ट्यावर कान देऊन बघा. युनायटेडवाल्याला कुणीतरी डिवचतंच, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "काय बे, आर्सेनलचं पण तेच झालं की! म्हातारा गेला, टीम बसली."

ऐकायला पटतं. दोन्ही क्लबांची जर्सी लाल. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ ते मे २०१३ मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर, आर्सेन वेंगर १९९६ ते मे २०१८ आर्सेनलला. दोघांनी लीग जिंकून दिली, दोघांच्या मागे क्लब चॅम्पियन्स लीगबाहेर, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेबाहेर राहिले, आणि पुढच्या माणसाला धड टिकता आलं नाही. तरीही मॅनेजर गेला म्हणून संघ पडणं वेगळं आणि संघ पडत होता म्हणून मॅनेजर जाणं वेगळं. युनायटेडचं पहिलं झालं, आर्सेनलचं दुसरं.

पॉवरलूमवाल्यांना हे लगेच कळेल. जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, काम सोडून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून माग अडायला लागले, हा एक प्रकार. कुठल्या मागाची काय खोड आहे ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात, आणि जाताना ते कुणी विचारूनही घेतलं नाही. दुसऱ्या प्रकारात मागच जुने झालेले असतात, शेठ खर्चाला हात आखडता घेतो, जॉबर कसंबसं ओढत असतो आणि शेवटी खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. टॉवेल दोन्हीकडे निघत नाहीत, म्हणून बाहेरच्याला फरक दिसत नाही.

फुटबॉलमध्ये तो फरक गुणतक्त्यात दिसतो. फर्ग्युसनच्या शेवटच्या हंगामात, २०१२-१३ मध्ये, युनायटेडने ८९ गुण घेऊन लीग जिंकली. दुसऱ्या नंबरची मँचेस्टर सिटी ११ गुणांनी मागे. पुढच्याच वर्षी ६४ गुण आणि सातवा नंबर. एका उन्हाळ्यात २५ गुण गेले. आता आर्सेनल बघा. वेंगरचं शेवटचं वर्ष ६३ गुण, सहावा नंबर. त्यानंतर उनाई एमेरीच्या पहिल्या वर्षी ७० गुण, पाचवा नंबर. म्हणजे म्हातारा गेल्यावर गुण सात वाढले! कट्ट्यावर हा आकडा कुणी काढत नाही.

युनायटेडला त्या उन्हाळ्यात काय झालं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं खापर फर्ग्युसनच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉईजवर फोडून लोक मोकळे होतात. फर्ग्युसनबरोबरच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही पायउतार झाले. खेळाडूंचे सौदे जमवणारे दोघेही एकदमच गेले. गिलच्या जागी आलेले एड वुडवर्ड जाहिराती आणि प्रायोजकत्वाच्या कामात मुरलेले, पण खेळाडू खरेदीच्या बाजारात नवखे. त्याचा मासला म्हणजे मारुआन फेलायनी. मॉईजच्याच जुन्या क्लबातला, एव्हर्टनचा खेळाडू. जुलैअखेरपर्यंत तो करारातल्या ठरलेल्या २.३५ कोटी पौंडांत मिळत होता. युनायटेडने ती मुदत घालवली आणि खेळाडू खरेदीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी त्याच माणसाला २.७५ कोटी मोजले.

मॉईजनेही आपल्या हाताने एक घाण करून ठेवली. फर्ग्युसनच्या हाताखालचे माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलकीपरांचे प्रशिक्षक एरिक स्टील, तिघंही गेले आणि एव्हर्टनची माणसं आली. रोजचा सराव कसा चालायचा हे माहीत असलेले लोकच संपले. त्याचं फळ ९ फेब्रुवारी २०१४ ला घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर दिसलं. समोर लीगमध्ये तळाला असलेला फुलहॅम. युनायटेडने त्या एका मॅचमध्ये ऐंशीहून जास्त क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले चेंडू, मारले. विंगवरून बॉक्समध्ये, बचावपटूच्या डोक्यावरून बाहेर, परत विंगवर, परत बॉक्समध्ये. मॅच २-२ सुटली, फुलहॅमचा दुसरा गोल जादा वेळेत. आणि त्या दिवशी फुलहॅमच्या बाकावर मॅनेजर म्हणून कोण बसलं होतं? तोच रेने म्युलेनस्टीन.

सहा वर्षांचा करार मिळालेले मॉईज दहा महिन्यांत, एप्रिल २०१४ मध्ये घरी गेले.

इथे युनायटेडवाला म्हणेल, संघही म्हातारा होता की. होता. रिओ फर्डिनंड, विदिच, एव्हरा हे तिघेही २०१४ च्या उन्हाळ्यात गेले, गिग्ज निवृत्त झाला. स्कोल्स तर फर्ग्युसनबरोबरच थांबला होता. शेवटची लीग खेचून आणली ती रॉबिन व्हॅन पर्सीच्या २६ गोलांनी. पण याच म्हाताऱ्या संघाकडून ८९ गुण काढणारा माणूस होता तोवर दुखणं झाकलेलं होतं. तो उठल्याबरोबर ते एकाच वर्षात बाहेर आलं, म्हणून मी याला पहिल्या प्रकारात धरतो.

हा व्हॅन पर्सी आला कुठून? आर्सेनलमधून, २०१२ मध्ये. आदल्या वर्षी फॅब्रेगास आणि नास्री गेले होते. आर्सेनलचा उतार तिथला, वेंगर जायच्या कितीतरी आधीचा. २००४ ला एकही मॅच न हरता, २६ जिंकून आणि १२ बरोबरीत सोडवून लीग घेतलेला हा संघ २००६ ला जुनं मैदान हायबरी सोडून एमिरेट्स स्टेडियमवर गेला. स्टेडियमचं कर्ज फेडायचं, म्हणून चांगला खेळाडू तयार करायचा आणि विकायचा, असं चक्र सुरू झालं. त्यातही वेंगरने दर वर्षी पहिल्या चारांत जागा राखली, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं, त्याबद्दल कप मिळत नाही एवढंच. पण ऑगस्ट २०११ ला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडकडून ८-२ ने हार, २०१७ ला बायर्न म्युनिककडून दोन मॅच मिळून १०-२ ने. त्याच हंगामात पाचवा नंबर, मग सहावा. २०१८ साल उजाडल्यावर लीगमध्ये परक्या मैदानावर लागोपाठ सात पराभव, आणि पहिला विजय वेंगरच्या अगदी शेवटच्या मॅचला, हडर्सफील्डला १-० ने. स्टँडमध्ये 'वेंगर आउट'चे फलक तर आधीपासूनच फडकत होते.

सगळी सत्ता एका माणसाच्या हातात, हे मात्र दोन्हीकडे सारखं होतं. वेंगरही खरेदी, करार, सराव, सगळं बघायचे. फरक असा की आर्सेनलने वेंगर जाण्याआधीच माणसं जमवायला सुरुवात केली: खेळाडू हेरायला डॉर्टमुंडहून स्वेन मिस्लिनटाट, सौद्यांसाठी बार्सिलोनाहून राऊल सानल्येही. ती घडीही नीट बसली नाही. मिस्लिनटाट २०१९ च्या सुरुवातीलाच गेले, युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेची फायनल चेल्सीकडून ४-१ ने हरली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एमेरींनाही निरोप मिळाला.

दुखणं वेगळं म्हणून औषधही वेगळं लागलं. आर्सेनलला मॅनेजर म्हणून मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आले. पहिल्याच हंगामात एफए कप आला, पण लीगमध्ये आठवा नंबर, पुन्हा आठवा. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच हरले, एकही गोल नाही, तक्त्यात तळाला. दुसरा कुठला क्लब असता तर तिथेच नारळ दिला असता. आर्सेनलने दिला नाही. ओझिल गेला, ऑबामेयांगचं कर्णधारपद काढून पुढे करारच मोडला, आणि त्यांच्या जागी पंचविशीच्या आतली पोरं आली. २०२२-२३ पासून लागोपाठ तीन हंगाम दुसरा नंबर. लीग त्यात आली नाही, हे आर्सेनलवाल्याला ऐकवायची गरज नाही, त्याला रोज ऐकवलं जातं.

युनायटेडने याच्या बरोबर उलट केलं. जागा रिकामी झाली होती ती क्लबच्या ऑफिसात, आणि ती भरायला ते मॅनेजर आणत राहिले. मॉईजनंतर व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची खेळायची रीत वेगळी, आणि प्रत्येकासाठी घेतलेले खेळाडू पुढच्याच्या गळ्यात. फुटबॉल संचालक हे पद युनायटेडने पहिल्यांदा भरलं ते मार्च २०२१ मध्ये, फर्ग्युसन जाऊन जवळजवळ आठ वर्षं झाल्यावर! मधल्या काळात कप आले, मोरिन्यो आणि सोल्शायर दोघांनी एकेकदा दुसरा नंबरही काढला, आणि २०२४-२५ ला ४२ गुणांसह पंधरावा.

खरं तर हा धडा युनायटेडने एकदा गिरवलेला होता. मॅट बझ्बींनी १९६८ ला युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकला, १९६९ ला मॅनेजरची खुर्ची सोडली, आणि १९७४ ला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला.

बरीच वर्षं राहिलेला मॅनेजर गेला की पडझड होतेच असंही नाही. युर्गेन क्लॉप ऑक्टोबर २०१५ पासून लिव्हरपूलला होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी जाणार म्हणून जाहीर केलं. मार्चपर्यंत मालकांनी मायकेल एडवर्ड्सना परत बोलावून फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे दिला, रिचर्ड ह्यूजेसना क्रीडा संचालक नेमलं, आणि त्यानंतर आर्ने स्लॉटला फेयेनूर्डहून आणलं. आधी खरेदी बघणारी माणसं, मग मॅनेजर. त्या उन्हाळ्यात लगेच खेळवायला नवा घेतला तो एकटा फेडेरिको किएझा, आणि तोही वर्षभर जवळजवळ बाकावरच बसून. लीग त्यांनी चार मॅच राखून जिंकली.