मेगापिक्सेल वाढले म्हणून फोटो शार्प येत नाही

‘मेगापिक्सेल जास्त, तर फोटो शार्प’ हा समज नवा कॅमेरा घेणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. तो चुकीचा आहे. १२ ऐवजी २४ मेगापिक्सेल घेतले तरी लांबी-रुंदीत पिक्सेल जेमतेम १.४ पट वाढतात. हललेला फोटो हललेलाच राहतो.

नाशिकच्या रामकुंडावर संध्याकाळची गोदाआरती टिपताना ऑटो मोड अंधारामुळे शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देणारा पडदा, १/१५ सेकंदापर्यंत उघडा ठेवू शकतो. तेवढ्यात आरती फिरवणारा हात पुसट होतो. स्टॅबिलायझेशनही आपल्याच हाताचा कंप सावरतं, समोरच्याचा नाही. शटर १/२५० सेकंदावर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बेलाशक वाढवा. त्याने फोटोत थोडे दाणे आलेले चालतात. फोकसचा एकच बिंदू निवडून चेहऱ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या ज्योतीलाच धरून बसतो.