‘मिलेचं’ आणि ‘मिलेवरून’: दोन वेगळे हात

सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं, फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं १८५७ चं तैलचित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून त्याबद्दल इथे काही सांगत नाही. मला वीट आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शेतकऱ्याचं काळंपांढरं छापचित्र दिसलं रे दिसलं, की खाली ‘मिलेचं एचिंग’ (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) असं ठोकून द्यायचं.

एचिंग की लाकडी ठसा, हे ओळखणं सोपं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते (कुणी कागद कातरला नसेल तर). लाकडी ठशाला तशी कड नसते, तो मजकुराच्या खिळ्यांसोबतच छापता येतो. झालं.

घोळ होतो तो हाताचा. १८५५-५६ च्या सुमारास मिलेने मेणाचा थर दिलेल्या तांब्यावर स्वतः सुईने रेघा ओढल्या आणि त्या आम्लाने खोल केल्या. लोणी घुसळणारी बाई, जमीन खणणारे दोघे आणि सरवा वेचणाऱ्याही. म्हणजे हे एचिंग त्या प्रसिद्ध तैलचित्राच्या आधीचं! त्याला ‘चित्राची छापील प्रत’ म्हटलेलं मला सहन होत नाही. खणणाऱ्यांच्या पाठीवरची प्रत्येक रेघ थेट मिलेच्या मनगटातून आलेली आहे.

याउलट ‘शेतातली कामं’ ही दहा चित्रांची मालिका. रेखाटनं मिलेची, पण लाकूड कोरलं आद्रियाँ लाव्हिएयने, आणि १८५३ मध्ये ती ‘लिलुस्त्रासियों’ या साप्ताहिकात छापून आली. लाकडावर पांढरा भाग तेवढा खोदून काढायचा. उरेल ती काळी रेघ. म्हणजे आपण पाहतो ती मिलेने ओढलेली रेघ नव्हे, लाव्हिएयने राखलेली रेघ.

म्हणून ‘एचिंग ते अस्सल, लाकूड ती नक्कल’ असाही ठोकताळा नको. मिलेचं ‘अँजेलस’ हे तैलचित्र घ्या, ते त्याने तांब्यावर कधीच काढलं नाही. त्यावरून एचिंग केलं शार्ल वाल्त्नेरने, आणि पत्र्याची कड त्यालाही उमटतेच.

माझा हट्ट एवढाच: ‘मिलेचं’ आणि ‘मिलेवरून’ वेगळं लिहा, आणि कोरणाऱ्याचं नाव गाळू नका. १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात व्हॅन गॉगने ‘शेतातली कामं’ रंगांत उतरवायला घेतली, तेव्हा त्याच्यासमोर होत्या त्या लाव्हिएयच्या रेघा.