हरवलेले मेल परत मिळवणे (डेस्कटॉप मेल-प्रोग्राम)

संगणकावर बसवलेल्या मेल-प्रोग्राममधून दिसेनासे झालेले, चुकून पुसलेले किंवा फाइल बिघडल्यामुळे उघडेनासे झालेले मेल पुन्हा वाचता येतील असे करण्याची क्रिया. आउटलुक व थंडरबर्ड हे यातले प्रमुख प्रोग्राम. विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुक एक्सप्रेसही घरोघरी होते. ब्राउझरमध्ये मेल पाहणाऱ्याचा साठा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. डेस्कटॉप प्रोग्राम वापरणाऱ्याचा साठा, सगळा किंवा काही भाग, त्याच्याच डिस्कवर फाइलच्या रूपात असतो. त्यामुळे ‘मेल उडाले’ अशी तक्रार आली की बहुधा ती फाइल भलतीकडे राहिलेली असते, नाहीतर फाइल जागेवर असून तिची सूची बिघडलेली असते. मजकूर खरोखरच नष्ट झाल्याचे प्रकार त्यामानाने थोडे, आणि त्यातले बरेचसे मेल गेल्यावर केलेल्या खटपटीतून घडतात.

पुण्यात ही अडचण प्रामुख्याने लहान कचेऱ्यांची आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पर्चेस ऑर्डरी आणि ड्रॉइंग, पेठांतल्या करसल्लागारांकडे अशिलांचा पत्रव्यवहार, गृहनिर्माण सोसायटीच्या माजी सचिवांच्या लॅपटॉपवर बिल्डरशी झालेली लिखापढी, असा ऐवज वर्षानुवर्षे एकाच फाइलमध्ये साठत जातो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जुना मेल नेमका कधी लागेल ते म्हणूनच सांगता येत नाही.

कुठे शोधावे

सगळ्यात साधी शक्यता आधी तपासावी. आउटलुकमध्ये ‘न वाचलेले’ अशी गाळणी लागून राहिली की बाकीचे मेल दिसत नाहीत. माउस घसरला की अख्खे फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसते. जुन्या आउटलुकमधली ऑटोआर्काइव्ह सोय सहा महिन्यांपूर्वीचे मेल वेगळ्या आर्काइव्ह फाइलमध्ये हलवत असे. दिवाळीतले मेल पुढच्या गणपतीत सापडेनात, यामागे अनेकदा हेच कारण असे.

त्यानंतर खाते कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे लागते. पीओपी पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडलेला नसेल तर तिथून पुसलाही जातो. मग डिस्कवरची प्रत हीच एकमेव प्रत. आयमॅप पद्धतीत मूळ मेल सर्व्हरवर असतो आणि संगणकावर त्याचे प्रतिबिंब. घरच्या फोनवर पुसलेला मेल ऑफिसच्या संगणकावरूनही जातो तो यामुळे. मात्र ऑफिसचा संगणक त्यानंतर चालू झालेला नसेल, तर नेटची केबल काढून किंवा वायफाय बंद करून प्रोग्राम उघडावा. मजकूर आधी उतरवलेला असल्यास मेल तिथे अजून असतो आणि तो स्थानिक फोल्डरमध्ये ठेवता येतो. जीमेलच्या कचरापेटीत मेल ३० दिवस राहतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइन या कचेऱ्यांसाठीच्या मेल-सेवेवर पेटी रिकामी केल्यावरही, सेटिंग बदलले नसेल तर, आणखी १४ दिवस तो परत मागता येतो.

विंडोज नव्याने टाकल्यावर

पुण्यातल्या कचेऱ्यांत मेल जाण्याचे ठरलेले निमित्त म्हणजे संगणक मंद झाला म्हणून सर्व्हिसवाल्याने ‘फॉरमॅट मारून’ नवी विंडोज टाकणे. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचा डेटा आठवणीने बाजूला काढतो. मेलची फाइल मात्र त्यांत नसते. आउटलुक २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांची पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक ज्यात मेल साठवतो ती फाइल, वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरांत राहत असे. २०१० पासून ती सहसा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते. थंडरबर्डचे प्रोफाइल, म्हणजे त्याचे मेल आणि सेटिंग असलेले फोल्डर, आजही ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरातच आहे. लपवलेली फोल्डरे दिसतील असे सेटिंग आधी करून ही फाइल उचलली, तर पुढचा सगळा खटाटोप टळतो. सर्व्हिसवाल्याने जुनी डिस्क परत दिली असेल, किंवा त्याच्याकडे जुन्या डिस्कची पूर्ण प्रत असेल, तर पहिला शोध तिथे घ्यावा.

फॉरमॅट होऊन गेलाच असेल, तर तो संगणक ताबडतोब बंद करावा. झटपट फॉरमॅटमध्ये मजकुरावर लगेच काही लिहिले जात नाही, पण चालू विंडोज सतत काहीतरी लिहीत असते. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. तपकीर गल्लीच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असे केसिंग सहज मिळते. रिकव्हरीचा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवणे म्हणजे शोधायच्या मजकुरावर स्वतःच्या हाताने लिहिणे. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम, नाव फोटोचे असले तरी, पीएसटी फाइलही ओळखतो. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली नवी डिस्क, असेल तर आशा कमी ठेवावी. ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा ती डिस्क आपणहून रिकामी करते, आणि त्यापुढे महागडी प्रयोगशाळाही सहसा काही करू शकत नाही.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या वस्त्यांत आणि दुकानांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात भिजलेली हार्डडिस्क चालते का हे पाहण्यासाठी विजेला जोडू नये. तबकड्यांवर गाळ असताना ती फिरली तर पृष्ठभाग ओरखडला जातो. हे काम घरचे नाही.

फाइल आहे, पण मेल नाहीत

पीएसटी ही एकच मोठी फाइल असल्याने तिला झालेली इजा सगळ्या मेलना भोवते. गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद करते हे पुणेकरांना माहीत असते, तरी यूपीएसची बॅटरी उतरलेली असते आणि आउटलुक उघडेच असते. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल ‘करप्ट’ होते. दुसरे कारण आकाराचे. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या स्वरूपाच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि ती गाठली की फाइल उघडतच नसे. २००३ मध्ये नवे स्वरूप आले, तरी त्याआधी तयार झालेली फाइल आपोआप बदलली नाही, म्हणून ही तक्रार पुढेही बरीच वर्षे येत राहिली.

दुरुस्तीसाठी मायक्रोसॉफ्टचा स्कॅनपीएसटी हा प्रोग्राम आउटलुकसोबतच येतो. आधी फाइलची प्रत काढावी आणि प्रतीवरच काम करावे. एका फेरीत सगळ्या चुका निघतातच असे नाही, म्हणून चुका दाखवणे थांबेपर्यंत तो पुनःपुन्हा चालवतात. कोणत्या फोल्डरातले ते न कळलेले मेल तो वेगळ्या फोल्डरात आणून टाकतो; लोक ते फोल्डर न उघडताच ‘काही मिळाले नाही’ म्हणतात.

थंडरबर्डचे काम अधिक उघडे आहे. प्रत्येक फोल्डर म्हणजे एमबॉक्स स्वरूपाची साधी मजकुराची फाइल, आणि तिच्या जोडीला एमएसएफ ही सूची. सूची बिघडली की फोल्डर रिकामे दिसते. प्रोग्राम बंद करून फक्त एमएसएफ फाइल काढून टाकली की ती नव्याने तयार होते. पुसलेला मेलही फाइलमधून लगेच जात नाही. वहीतल्या नोंदीवर काट मारावी तशी त्याच्या शीर्षभागातल्या, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींतल्या, ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीत खूण होते. वाचून पुसलेल्या मेलवर तिथे ०००९ हा आकडा असतो. प्रतीमध्ये त्याचा ०००१ केला आणि सूची नव्याने तयार होऊ दिली की मेल परत दिसतो. मात्र ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिली की काट मारलेले सगळे मेल गाळून फाइल नव्याने लिहिली जाते. थंडरबर्ड ही परवानगी स्वतःहून विचारतो, आणि जागा वाचेल या आनंदात हो म्हटले जाते. आउटलुक एक्सप्रेसमध्येही कॉम्पॅक्ट अर्धवट थांबले की फोल्डरे रिकामी होत. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर अशा वेळी रिसायकल बिनमध्ये बीएके नावाची प्रत सापडण्याची शक्यता असे.

मराठी मजकुराचा प्रश्न

एमबॉक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘ठराव’ किंवा ‘थकबाकी’ असा शब्द शोधला तर सहसा काहीच सापडत नाही, आणि मेल गेल्याचा समज पक्का होतो. वास्तविक देवनागरी मजकूर बहुधा बेस-६४ या रोमन अक्षरे व आकड्यांच्या संकेतात ठेवलेला असतो. अशा मजकुराचा पहिला शब्द मराठी असेल तर प्रत्येक अक्षरचिन्हामागे रोमन चिन्हांचा चौकडा येतो आणि त्याची सुरुवात ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू अशी होते. ही रांग दिसली की तिथे मराठी मेल आहे हे ओळखावे. माणूस शोधायचा तर नावाऐवजी त्याचा मेल-पत्ता शोधावा, कारण पत्ता साध्या रोमन अक्षरांतच राहतो.

युनिकोड हा सर्व लिप्यांसाठीचा समान अक्षर-संकेत रुळण्यापूर्वीच्या मेलची गोष्ट वेगळी. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे डीव्ही-टीटीयोगेश, डीव्हीबी-टीटीसुरेख असे फॉन्ट वापरून लिहिलेले मेल परत मिळाल्यावर अगम्य रोमन चिन्हांचा ढीग वाटतात. ते बिघडलेले नसतात. तो फॉन्ट संगणकावर नसतो एवढेच. फॉन्ट बसवून किंवा परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून ते वाचता येतात. असे मेल ‘करप्ट’ समजून टाकून दिल्याची उदाहरणे संस्थांच्या दप्तरांत आढळतात.

पुरावा म्हणून

मेल न्यायालयात दाखल करायचा असेल तर दुरुस्तीचा क्रम बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ओळख-संकेत, नमूद करायचे असते. वर सांगितल्याप्रमाणे फाइलमधला एक आकडा बदलला तरी हॅश बदलतो. म्हणून मूळ डिस्कची प्रत व तिचा हॅश आधी काढून ठेवावा आणि खटपट दुसऱ्या प्रतीवर करावी. केवळ कागदावर छापलेल्या मेलमध्ये त्याचा पूर्ण शीर्षभाग नसतो, त्यामुळे वाद उपस्थित झाल्यास तो अपुरा पडू शकतो.