ढगाळ दिवशी पानगळीचे रंग फिके येतात का?

काश्मीरमध्ये ऑक्टोबरअखेरीस चिनार पाहायला जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांमध्ये एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: लखलखीत ऊन नसेल, तर पानांचे रंग फोटोत उतरत नाहीत, म्हणून ढग आले की कॅमेरा पिशवीत ठेवावा. वस्तुस्थिती बहुतांशी उलट आहे.

चिनारचे एक तांबूस पान भर उन्हात तिरके धरून पाहिले, तर त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढुरकी चकाकी येते आणि तेवढ्या भागातला मूळ रंग नाहीसा होतो. झाडावरच्या हजारो पानांवर हेच घडत असल्यामुळे दुपारच्या उन्हात श्रीनगरची नसीमबाग फोटोत विटल्यासारखी दिसते, शिवाय सावल्या काळ्याकुट्ट पडतात. ढगांतून झिरपणारा प्रकाश मऊ असतो. मात्र चकाकी तेव्हाही पूर्ण जात नाही, विशेषतः पावसाने भिजलेल्या पानांवरची, आणि ती घालवण्यासाठी पोलरायझर फिल्टर लेन्सवर फिरवून पाहावा लागतो. हा फिल्टर साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे राहते आणि ट्रायपॉड जवळ असलेला बरा.

फिकेपणाचा दोष पुष्कळदा ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाची छटा ओळखून रंग आपोआप जुळवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीचा असतो, कारण चौकटभर पसरलेला केशरी रंग ही प्रकाशाचीच छटा आहे असे समजून कॅमेरा ती निळ्याकडे झुकवतो; ‘क्लाउडी’ सेटिंग ठेवल्यास हे टळते. पांढरे आकाश तेवढे चौकटीबाहेर ठेवावे.

उन्हाचा एक मान मात्र राखायला हवा: सकाळी सूर्य पानामागे असला, की प्रकाश आरपार येतो आणि पान शिरांसकट पेटल्यासारखे दिसते.