उपकारस्तुतीचा दिवस कोणी ठरवायचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रविवारच्या दानार्पणात उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, वेगळी पाकिटं येतात, हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कुणाला नव्याने सांगायला नको. पाकिटावर कारण लिहिलेलं असतं. मुलगी बारावी पास झाली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, बोअरला पाणी लागलं, लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पाळक नाव आणि कारण वाचतात, मंडळी त्या घरासाठी प्रार्थना करते आणि उपासना पुढे सरकते. याशिवाय कापणीचा सण असतो, ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना असते, वसईकडे आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, असतो. देवाने केलेलं चांगलं आठवायचं, आणि तेही चारचौघांत बोलून आठवायचं, ही आपल्याकडची पक्की रीत आहे.

तरीही दर वर्षी कुठे ना कुठे तोच वाद निघतो. कापणीचा सण बायबलमधला की इंग्रजांचा? उपकारस्तुतीला ठरावीक तारीख असावी, की देवाने काही केलं तेव्हाच दिवस पाळावा? हा वाद आपल्या मंडळ्यांत जन्मलेला नाही. तो सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याची एक बाजू फार दुखरी आहे.

शास्त्राचा आधार थोडक्यात. यार्देन ओलांडल्यावर नदीतून उचललेले बारा धोंडे गिलगालात रचले गेले, ते पुढे मुलांनी विचारावं म्हणून. शमुवेलाने एबन-एजरचा दगड उभा केला. १०३ व्या स्तोत्रात कवी स्वतःच्याच जिवाला बजावतो की देवाचे उपकार विसरू नको. पण रीत म्हणून सगळ्यात तपशीलवार सांगितलंय ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात. पहिल्या पिकाची टोपली घेऊन यायचं, ती वेदीपुढे ठेवायची आणि तोंडाने आपला इतिहास सांगायचा: पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्ही गुलामी केली, देवाने आम्हांला बाहेर काढलं. मग लेवी (देवाच्या सेवेतले, स्वतःची जमीन नसलेले) आणि परदेशी यांना बरोबर घेऊन आनंद करायचा. त्याच अध्यायात तिसऱ्या वर्षीच्या दशमांशात लेवी आणि परदेशी यांच्यासह अनाथ आणि विधवा यांचा वाटा ठरवलेला आहे. म्हणजे टोपली आणणाऱ्याने स्वतः बोलायचं, गुलामीपासून सुरुवात करायची, आणि शेवटी ज्याच्याकडे जमीन नाही त्याला जेवायला बसवायचं. माझ्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाला लावायची कसोटी हीच.

 

आता इंग्लंड. मध्ययुगाच्या शेवटी तिथे संतांचे आणि गावोगावच्या चर्चचे इतके सण झाले होते की १५३६ मध्ये राजाने कापणीच्या दिवसांतले, म्हणजे १ जुलै ते २९ सप्टेंबर या काळातले, बहुतेक सण बंदच केले. पिकं शेतात उभी आणि लोक सुट्टीवर, अशी तक्रार होती. त्यानंतर राज्याने स्वतःचे दिवस आणले. १६०५ मध्ये संसद उडवण्याचा कट फसला, तर पुढच्याच वर्षी कायदा झाला की दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये उपकारस्तुती झालीच पाहिजे. कट करणारे कॅथलिक होते. त्यामुळे देवाचा चांगुलपणा आठवण्याच्या त्या दिवशी शेजारच्या कॅथलिकाविषयीचा राग आपोआप आळवला जायचा.

खरा निर्णय झाला तो १६४५ साली. यादवी युद्ध चालू होतं आणि लंडनमध्ये बसलेल्या धर्मपंडितांच्या सभेने उपासनेची नवी मार्गदर्शिका तयार केली होती. संसदेने ती मंजूर केली. शास्त्रात आधार नाही म्हणून सगळे सण तिने मोडीत काढले, नाताळसुद्धा. मात्र विशेष प्रसंग उद्भवला की उपवासाचा किंवा उपकारस्तुतीचा दिवस पाळणं योग्यच, किंबहुना आवश्यक, असंही तिने सांगितलं. पंचांगातली तारीख गेली, तिच्या जागी प्रसंग आला.

या निर्णयावर फार टीका झाली. नाताळ काढून घेतल्याचा राग लोकांच्या मनातून गेला नाही आणि १६६० नंतर सण परत आले. पण त्या मार्गदर्शिकेतली उपकारस्तुतीची सूचना आज शांतपणे वाचली तर तिच्यातली निष्ठा जाणवते. पाळकाने आधी काय घडलं, सुटका कशी झाली, हे थोडक्यात आणि नेमकं सांगावं. मग स्तोत्रं, उपदेश, प्रार्थना. आणि त्याच दिवशी गरिबांसाठी वर्गणी गोळा करावी, म्हणजे त्यांनाही आनंद करता येईल. अनुवादाचा २६ वा अध्याय समोर ठेवूनच हे लिहिलं असावं असं वाटतं. नुसतं ‘देव चांगला आहे’ म्हणून सुटायचं नाही. त्याने कधी, कुठे, काय केलं ते सांगायचं. आपल्या साक्षीच्या रीतीत नेमकं हेच आहे.

दोष एकच राहिला, पण तो मुळातला होता. हा प्रसंग देवाचा उपकार आहे हे जाहीर कोणी करायचं? उत्तर होतं, राज्याने. आणि राज्याला आठवतात ते स्वतःचे विजय.

समुद्रापलीकडे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींत, याचा पुरता अनुभव आला. त्या प्युरिटन विचाराच्याच, म्हणजे शास्त्रात नाही ते उपासनेतून काढा म्हणणाऱ्यांच्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला. प्लिमथला १६२१ च्या शरदात तीन दिवस जेवणावळ झाली, जवळच्या वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचा सरदार सुमारे नव्वद माणसं घेऊन आला होता. आज जगभर चित्रांत दिसतं ते हेच जेवण. खरं तर तो उपकारस्तुतीचा जाहीर दिवस नव्हताच, पीक हाती आल्याचा आनंद होता. रीतसर दिवस पाळला गेला तो १६२३ मध्ये, कोरडा दुष्काळ पडून, उपवास-प्रार्थना होऊन, पाऊस आल्यावर. नगर-बीडकडच्या माणसाला तो दिवस समजावून सांगावा लागणार नाही.

पण १६३७ मध्ये पीकॉट या मूळ रहिवाशांच्या मिस्टिक इथल्या कोटाला आग लावून बायका-मुलं-म्हातारी धरून शेकडो माणसं मारली गेली, आणि त्या युद्धातल्या विजयाबद्दल ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्व मंडळ्यांत उपकारस्तुती झाली. १६७६ च्या जूनमध्ये दुसरं युद्ध चालू असताना चार्ल्सटाउनहून २९ तारखेचा उपकारस्तुतीचा दिवस जाहीर झाला. त्याच ऑगस्टमध्ये वाम्पानोआगांचा नेता मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथला आणून खांबावर लावलं. हा नेता म्हणजे १६२१ च्या जेवणाला आलेल्या सरदाराचाच मुलगा. शिर गावात आलं तो दिवसही उपकारस्तुतीसाठी राखलेला होता.

याला कुणी ‘त्या काळाची पद्धत’ म्हणून बाजूला सारू नये. त्या लोकांना बायबल पाठ होतं. पण ‘पूर्वज भटका अरामी होता’ हे वाक्य त्यांनी स्वतःसाठी वाचलं आणि ‘परदेशी’ या शब्दापाशी थांबले नाहीत. त्या देशात परदेशी खरं तर तेच होते.

आपल्याशी याचा थेट संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला कडू आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी ७ ऑक्टोबरला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळला गेला, आणि उठाव मोडल्यावर १ मे १८५९ रोजी, रविवारी, देशभर उपकारस्तुती झाली. इथे गावं जळाली होती, झाडांना माणसं टांगली गेली होती, आणि तिथे त्याबद्दल देवाचे आभार मानले जात होते. विशेष म्हणजे ५ नोव्हेंबरची ती जुनी उपासना प्रार्थनापुस्तकातून निघाली तीही १८५९ मध्येच. कॅथलिकांवरच्या विजयाची आठवण काढायला लाज वाटू लागली तेव्हाच हिंदुस्थानावरच्या विजयाची उपासना झाली. मराठी ख्रिस्ती माणसाने हे माहीत करून घेतलं पाहिजे. ‘तुम्ही त्यांचेच’ हा टोमणा आपण पिढ्यानपिढ्या ऐकला आहे, आणि त्याचं एक मूळ अशा दिवसांत आहे.

दुसरा संबंध असा. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला ठाण मांडलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. त्यांच्या मूळ प्रांतात तेव्हा नाताळची सरकारी सुट्टीही नव्हती, ती १८५६ मध्ये आली. वर्षाचे दोन मोठे दिवस म्हणजे वसंतातला उपवासाचा आणि शरदातला उपकारस्तुतीचा. ही जोडी होती: आधी पाप कबूल करायचं, मग उपकार आठवायचे. १८६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी देशभर उपकारस्तुती ठरवली, १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला, आणि प्रसंगाचा दिवस पुन्हा पंचांगात जाऊन बसला. वसंतातला उपवास मात्र मॅसॅच्युसेट्सने १८९४ मध्ये रद्द केला. कबुलीजबाब गेला, मेजवानी उरली.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या, बाजूने आला तो कापणीचा सण. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या एका पाळकाने १८४३ मध्ये नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण) करायला लोकांना बोलावलं, आणि तिथून आजच्या रूपातला सण पसरला. म्हणजे तो इंग्रजांचा आहे हे म्हणणं खरं, पण टोपलीची कल्पना इंग्रजांची नाही. वसई, साष्टी आणि मुंबईच्या कॅथलिकांचा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा, गोव्यात ऑगस्टमध्ये होणारा कणसांचा सण, मंगळूरकडची ८ सप्टेंबरची मोंती फेस्त, या सगळ्यांत नव्या भाताची लोंबी आशीर्वादासाठी चर्चमध्ये येते.

देशावरच्या मंडळ्यांत सणाला वेगळं वजन आलं ते दुष्काळांमुळे. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० असे लागोपाठ दुष्काळ पडले. पहिल्या दुष्काळानंतर नगर भागात बाप्तिस्मे वाढले, त्यांत महार-मांग घराणी बहुसंख्य होती. ‘भाकरीसाठी बाटले’ असं गावाने म्हटलं, अजूनही म्हणतं. ज्याला विहिरीवर जाऊ दिलं जात नव्हतं त्याच्या तोंडी गुलामीतून सुटल्याची कबुली जितकी खरी होती, तितकी ती कुठल्याही राजाच्या जाहीरनाम्यात कधी नव्हती. भाकरी हा देवाचा उपकार नाही असं बायबल कुठेही म्हणत नाही. टोपलीत असतं ते धान्यच. त्या पिढीने ज्वारीची कणसं, कोंबडी, अंडी, भोपळा वेदीपाशी आणून ठेवला तेव्हा ती साक्षच होती.

या दानाचा लिलाव पुढे रूढ झाला. मंडळीचा खर्च निघतो, पोरंटोरं खूश असतात, कुणी डझनभर केळी चौपट भावाने घेतो. पण बोली चढते तसा ज्याच्या खिशात काही नाही तो मागे सरकतो, आणि विधवेने आणलेली पायलीभर बाजरी कोणी किती रुपयांना घेतली याचीच चर्चा घरी जाताना होते. लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांची अडचण मला समजते, खेड्यातल्या मंडळीला पाळकाचा पगार द्यायचा असतो. तरी १६४५ च्या त्या कडक लोकांनीसुद्धा गरिबांची वर्गणी त्याच दिवशी ठेवली होती, हे विसरता येत नाही.

३१ डिसेंबरच्या उपासनेची वाट वेगळी. ती जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोराव्हियन मंडळीकडून मेथडिस्टांकडे आणि तिथून सर्वत्र गेली. तिचा सर्वांत मोठा प्रसंग १८६२ चा. त्या रात्री अमेरिकेतले काळे ख्रिस्ती चर्चमध्ये जागले, कारण १ जानेवारी १८६३ ला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अंमलात येणार होता. इथे दिवस जाहीर करणारं राज्य नव्हतं, वाट पाहणारे गुलाम होते.

२६ नोव्हेंबर १९७० ला, अमेरिकेतल्या उपकारस्तुतीच्याच गुरुवारी, वाम्पानोआगांच्या वंशजांनी आणि इतर मूळ रहिवाशांनी प्लिमथला पहिला शोकदिन पाळला. तीनच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणून एक झाल्या. सण तारखेने पाळणारे अँग्लिकन आणि प्रसंग पाहून दिवस पाळणाऱ्यांचे वारस एका बाकावर आले. दोन्ही रीती राहिल्या. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली उपकारस्तुतीची सर्वसाधारण प्रार्थनाही राहिली. निर्मितीबद्दल, सांभाळाबद्दल, ख्रिस्ताद्वारे झालेल्या तारणाबद्दल आभार मानणारी आणि ते नुसते ओठांनी नव्हे तर जगण्यानेही मानू दे म्हणणारी ही प्रार्थना. तिच्यात एकाही विजयाचा उल्लेख नाही. ती रचल्याचं श्रेय ज्या बिशपला दिलं जातं, तो १६४५ ची मार्गदर्शिका करणाऱ्या सभेचाही सभासद होता.

कापणीच्या सणाचा रविवार कोणता, लिलाव ठेवायचा की नाही, पाकिटावरची कारणं मोठ्याने वाचायची की नाही, हे आज मंडळीची पंचकमिटी ठरवते. म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांत एकाकडे बाजरी निघाल्यावर सण होतो, तर दुसऱ्याकडे ज्वारी खळ्यात आल्यावर.