सायकलच्या पोटातला कप्पा

अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स म्हणून टेकड्या आहेत, तिथल्या दगडात नांगर चालेना म्हणून तिथलं उंच गवताचं माळरान वाचलं, आणि आता तोच दगड सायकलवाल्यांचे टायर कापतो. चुनखडीच्या थरांमध्ये चकमकीचे थर आहेत, चुनखडी झिजून जाते, चकमक मागे उरते आणि फुटली की तिला काचेसारखी धार येते, अश्मयुगातली माणसं त्याचीच हत्यारं करायची. कुरणांमधून जाणारे तिथले रस्तेही याच खडीचे, डांबर नाही काही नाही. या रस्त्यांवर एम्पोरिया गावातून अनबाउंड ग्रॅव्हल नावाची रेस निघते, २०० मैल, म्हणजे ३२० किमीच्या वर, आणि ते सगळं एका दमात. २००६ ला पहिल्यांदा झाली तेव्हा सुरुवातीला ३४ जण उभे होते, आता हजारो येतात. २०२४ ला लॅकलन मॉर्टन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूने ती सव्वानऊ तासांच्या आत संपवली, म्हणजे खडीवर ताशी ३५ किमीच्या आसपास सरासरी, दिवसभर.

आता रोड रेसमध्ये टीमची गाडी मागे असते, पंक्चर झालं की हात वर करायचा, मेकॅनिक नवं चाक घेऊन येतो. इथे तसं नाही. वाटेत ठरलेल्या मोजक्या ठिकाणीच आपली माणसं भेटणार, मधल्या तीन-साडेतीन तासांत जे काय होईल ते तुमचं तुम्ही बघायचं. त्यामुळे ट्यूब, पंक्चरमध्ये खुपसायचे रबरी प्लग, टायरमध्ये झटकन हवा भरायच्या गॅसच्या कुप्या, छोटा पंप, पाने, चेनची जादा कडी हे सगळं जवळ हवं. वर खाणं. आजकाल हे लोक तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात, म्हणजे दोन थांब्यांमध्येच तीन-चारशे ग्रॅम साखर झाली. आणि पाणी, जूनच्या उन्हात तासाला एक लिटर घाम सहज जातो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुठली हायटेक काटकसर चालत नाही.

एवढं सगळं ठेवायचं कुठे? मला हा प्रश्न फार आवडतो कारण वरवर तो पिशवीचा वाटतो आणि खरं तर सगळ्या सायकलचाच असतो.

आधी वजन बघू, कारण सायकलवाले पहिल्यांदा तेच बघतात. १ किलो जास्तीचं वजन १०० मीटर उंच चढवायला ९८१ ज्यूल लागतात, २५० वॅटने पेडल मारणाऱ्याला त्यासाठी साधारण ४ सेकंद जादा. अनबाउंडमध्ये दिवसभरात ढोबळ ३,००० मीटर चढ होतो असं धरा, म्हणजे किलोमागे १२० सेकंद, दोन मिनिटं, आणि उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं. आता हवा. सपाटीवर ताशी ३५ किमीला एकट्या माणसाचे दोनशेच्या आसपास वॅट नुसती हवा बाजूला सारण्यात जातात, आणि ही ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. म्हणजे हँडलसमोर एक गबाळी पिशवी लटकवली तर ती वजनाने नाही तर रुंदीने मारते. आणि पंक्चर? हात थरथरत असताना, ट्यूब पिशवीच्या तळाशी गेलेली असताना, पाच मिनिटं कशी जातात कळतसुद्धा नाही, आणि तेवढ्यात पुढचा घोळका निघून गेलेला असतो, त्याच्या आडोशाला जी हवा कमी लागत होती ती आता पूर्ण लागणार. त्यामुळे वजन, हवा आणि हाताशी असणं या तिन्हींत मला तिसरं सगळ्यात महाग वाटतं, आणि कॅटलॉगमध्ये नेमका त्याचाच आकडा नसतो.

म्हणून मग कंपन्यांची नजर गेली सायकलच्या पोटात. आपण ज्याला दांडी म्हणतो, ज्यावर लहानपणी बसून फिरलो, तिच्या खालून हँडलपासून पेडलपर्यंत जी जाड तिरकी नळी येते ती डाऊन ट्यूब, आणि कार्बनच्या फ्रेममध्ये ती आतून पोकळ असते, नुसती हवा. तिला खिडकी पाडायची, झाकण लावायचं, आत सामान. स्पेशलाइज्ड या कंपनीने २०१५ मध्ये हे माउंटन बाईकमध्ये आणलं आणि त्याला स्वॅट म्हणाले, स्टोरेज, वॉटर, एअर, टूल्स. ट्रेक या दुसऱ्या कंपनीने २०१९ च्या डोमाने या रोड बाईकमध्ये तसाच कप्पा दिला, २०२० मध्ये स्पेशलाइज्डच्या डायव्हर्ज या ग्रॅव्हल बाईकमध्ये, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीच्या सायकलमध्ये, तो आला. सामान वाऱ्याच्या आड, वजन खाली आणि मधोमध, काही लटकत नाही, लोंबत नाही. एकदम छान.

पण नळीला भोक पाडणं ही साधी गोष्ट नाही. घरी करून बघा. भिंतीवरचं कॅलेंडर ज्या पुठ्ठ्याच्या नळीत येतं ती घ्या, दोन्ही टोकं धरून ओला टॉवेल पिळतो तशी पिळा. हलत नाही. आता कात्रीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी चीर द्या आणि परत पिळा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, वजन तर ग्रॅमनेही कमी झालं नाही, आणि नळी हातात अशी वळते की जणू कागद. मी हे केलं तेव्हा दोनदा नळी बदलून बघितलं, कारण एवढा फरक पडेल हे गणित माहीत असूनही खरं वाटत नव्हतं. बंद नळी पिळताना ताण गोल गोल फिरून स्वतःला धरतो, चीर पडली की त्या फेऱ्याची वाटच तुटते. गणिताने ५ सेंटीमीटर व्यासाची आणि सव्वा मिलिमीटर जाडीची नळी चिरली तर पिळाला होणारा विरोध हजारपटीहून जास्त घटतो. हजारपट!

सायकलची खिडकी अर्थात पूर्ण लांबीची नसते, एक-दीड वीत असते, वर-खाली नळी बंदच राहते म्हणून इतकं नुकसान होत नाही. पण पेडल जोरात मारलं की फ्रेम पिळली जाते आणि तो पीळ मुख्यतः याच नळीने झेलायचा असतो, म्हणून खिडकीच्या कडेने कार्बनचे जादा थर द्यावे लागतात, तुटलेल्या धाग्यांचा भार वळसा घालून न्यायला. कोपरे गोलच ठेवायचे, काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि चीर तिथून सुरू होते, विमानाच्या खिडक्या गोलसर असतात तेच कारण. झाकण काढता-घालता यायला हवं म्हणून ते भार घेत नाही, ते नुसतंच वजन, वर त्याची खिट्टी, चिखल-पाणी आत जाऊ नये म्हणून रबर. आणि आतली जागाही पूर्ण तुमची नसते, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या तिथूनच जातात. त्यात पाना सुट्टा टाकला तर खडीवर असा खडखडतो की काही तासांनी डोकं उठतं, त्यामुळे सगळं कापडात घट्ट गुंडाळून घालायचं.

आणि गंमत बघा, ज्या स्पेशलाइज्डने हा कप्पा गाजवला त्यांनीच २०२१ मध्ये क्रक्स ही नवी ग्रॅव्हल बाईक काढली, त्यात कप्पाच नाही. तिच्या सगळ्यात महागड्या एस-वर्क्स मॉडेलची फ्रेम ५६ साइझला ७२५ ग्रॅम. नळ्या गोलाकार, आत काही नाही, बाहेर काही नाही. त्या वेळच्या डायव्हर्जमध्ये कप्पा, हँडलखाली हादरे झेलायला २० मिमी दबणारं शॉक, आणि वजन जास्त. टायरची जागा मात्र दोन्हीत सारखी, ४७ मिमी रुंदीपर्यंतचा टायर बसतो. एकाच कंपनीने एकाच रस्त्यासाठी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही बरोबर आहेत, एक तासा-दोन तासाच्या चढाच्या रेसला आणि दुसरं दिवसभराच्या वाटचालीला. एखादी सायकल सगळ्यात चांगली असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, किती तासांसाठी?

टायरचंही असंच, एक दोरा ओढला की सगळं विणकाम हलतं. आता बरेच जण ४५ मिमीचे टायर सोडून सव्वादोन इंची माउंटन बाईकचे टायर लावायला लागलेत, चकमकीवर ते टिकतात, कमी हवेत चालतात, हाताला झिणझिण्या कमी. पण १६ ग्रॅमच्या सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या कुपीतून साधारण ९ लिटर गॅस निघतो, ४५ मिमीच्या टायरमध्ये सव्वातीन लिटरच्या आसपास जागा असते म्हणून ती कुपी पार बसलेल्या टायरला ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत नेऊ शकते. सव्वादोन इंचीत जागा पाच लिटरच्या वर, तीच कुपी २५ पीएसआयलाच दम टाकते, त्यात चिरेतून थोडा गॅस फुसकन गेला तर टायर अर्धवट. म्हणजे मोठी कुपी घ्या, कुपी मोठी म्हणजे कप्पा मोठा हवा, कप्पा मोठा म्हणजे खिडकी मोठी, आणि परत आपण पुठ्ठ्याच्या नळीपाशी. आणि कुपी मोकळी करताना बोटांना लगेच बर्फासारखी गार लागते, आतला द्रव गॅस होऊन पसरताना उष्णता ओढून घेतो, म्हणून तिच्यावर कापडी खोळ असते, ती खोळ विसरू नका.

जाड टायरने आणखी एक जागा खाल्ली जाते, टायर आणि फ्रेममधली फट. २०२३ च्या अनबाउंडमध्ये पावसाने सुरुवातीच्याच मैलांत अशी माती झाली की चाकं फिरेनात, लोक सायकली खांद्यावर घेऊन गवतातून चालत होते आणि रंग ढवळायच्या लाकडी पट्टीने चिखल खरवडत होते. त्या दिवशी सगळ्यात उपयोगी हत्यार ती पट्टी होती. आणि खांद्यावर सायकल घ्यायची तर दांडीखालचा त्रिकोण मोकळा हवा, तिथे भरलेली पिशवी असली तर खांदा घालणार कुठे, हे ऑफिसात बसून डिझाईन काढताना कुणाच्या डोक्यात येईल सांगा.

पाणीही असंच. खडबडीत उतारावर माणूस हातापायाने हादरे झेलतो, सायकल मात्र खाली थडाथड उडत असते, आणि बाटली तिलाच बांधलेली. त्यामुळे बाटल्या उडून पडतात आणि अर्ध्या दिवसाचं पाणी रस्त्यावर राहतं. म्हणून बरेच जण पाणी पाठीवरच्या पिशवीत घेतात, नळी तोंडाशी, हँडलवरचा हात न काढता पिता येतं. पाठ तापते, खांदे दुखतात, पण प्यायलं जातं, आणि पाणी प्यायलं गेलं नाही तर बाकीचं सगळं इंजिनियरिंग वाया.

माझ्या अनुभवाने वाटणी अशी करावी. प्लग आणि त्याची सुई बाहेर, टेपने दांडीला चिकटवलेली, हातमोजे न काढता ओढता येईल अशी, कारण चिरेतून हवा जात असताना पहिल्या वीस सेकंदांत प्लग बसला तर बहुतेक वेळा टायर पूर्ण बसत नाही. खाणं दांडीवरच्या छोट्या पिशवीत, डोळ्यासमोर, म्हणजे खायची आठवण राहते. पोटातल्या कप्प्यात फक्त ते जे लागूच नये असं वाटतं, ट्यूब, चेनची कडी, जादा कुपी. एका पावसाळ्यात मी प्लग कप्प्यात ठेवले होते, झाकणाच्या खिट्टीत वाळू गेली आणि ते उघडेपर्यंत टायर जमिनीला टेकला, तेव्हापासून ते बाहेर आहेत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. फ्रेम लहान झाली की डाऊन ट्यूब आखूड होते, कप्पा लहान होतो, आतल्या त्रिकोणात मोठी बाटली बसत नाही, आणि ट्यूब मात्र सगळ्यांना तेवढीच मोठी लागते, चाक तेवढंच असतं ना. पाच फुटाच्या बाईला आणि सहा फुटाच्या माणसाला तेच ३२० किमी, तोच दगड, पण सामानाची जागा वेगळी. फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात नळ्यांच्या लांब्या, कोन, सगळं मिलिमीटरमध्ये छापतात, त्यात प्रत्येक साइझला कप्प्यात किती मिलिलिटर मावतं आणि त्रिकोणात किती लिटरची बाटली बसते एवढी एक ओळ छापा, बाकी हिशोब आमचे आम्ही करू.