जोशुआच्या झाडाचा पतंग

परागीभवन म्हटलं की मधमाशी आठवते. ती मधासाठी येते, अंगाला पराग चिकटतात, पुढच्या फुलात सांडतात, तिला त्याचा पत्ताही नसतो. पण अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाकडे मोहावी वाळवंट आहे ना, तिथला एक छोटासा काळसर पतंग हेच काम अगदी ठरवून केल्यासारखं करतो. नाव टेजेटिक्युला सिंथेटिका, आणि काम सगळं मादीचं.

तिच्या तोंडापाशी दोन वळणाऱ्या सोंडांसारखे अवयव असतात, ते फक्त युक्का (टोकदार पानांच्या झाडांचा एक गट) झाडांवरच्या पतंगांच्या माद्यांनाच असतात. जोशुआ ट्री (हाही युक्काचाच प्रकार) फुलला की ती त्या सोंडांनी पराग खरवडून गोळा करते, त्याचा गोळा हनुवटीखाली धरते आणि मग फुलाच्या कुक्षीवृंतातून (अंडाशयावरच्या दांड्यातून) अंडी घालायची नळी पार आत अंडाशयापर्यंत (जिथे बिया तयार होतात) घालून अंडी सोडते. यानंतरचं मला सगळ्यात भारी वाटतं, ती वर कुक्षीवर (दांड्याच्या टोकाला, जिथे पराग पडावा लागतो) जाते आणि गोळ्यातला थोडा पराग तिथे स्वतः दाबून बसवते. फुलात मध जवळजवळ नाहीच, आणि असता तरी ती खात नाही. मग कशासाठी? तर पिल्लांसाठी, अळ्या त्या झाडाच्या बिया खातात, परागीभवन नाही तर बिया नाहीत आणि बिया नाहीत तर अळ्या उपाशी. बऱ्याचशा बिया उरतात, त्यातून झाडाचं भागतं.

१८९२ साली रायली या कीटकशास्त्रज्ञाने हिला नाव दिलं, पुढची शंभरेक वर्षं सगळे समजत होते की जोशुआ ट्रीचा पतंग एकच. २००३ मध्ये कळलं की पूर्वेकडचा वेगळा, आकाराने लहान, त्याचं नाव अँटिथेटिका. आणि गंमत बघा, तिकडच्या झाडांच्या फुलांचा कुक्षीवृंतही आखूड, म्हणजे त्या पतंगाच्या नळीला बरोबर पुरेल एवढाच! नेवाडातल्या टिकाबू खोऱ्यात दोन्ही पतंग शेजारी शेजारी उडतात.

ऑगस्ट २०२० मध्ये मोहावीतल्याच सिमा डोम भागात वीज पडून आग लागली, अंदाजे १३ लाख जोशुआ ट्री गेली. नंतर तिथे स्वयंसेवकांनी रोपं लावली, पण त्यांना फुलं यायला काही दशकं जाणार, आणि तोवर आसपास उरलेल्या झाडांवर हे पतंग टिकले तरच त्या फुलांना बिया धरणार.